गप्प बसणाऱ्यांच्या डॉक्टर

डॉक्टरबाई रुग्णांचा डबा खात असत. ही गोष्ट आधीच सांगून टाकलेली बरी, कारण त्यांच्याविषयी आमच्या भागात जे काही बोलले जाते त्याचा आरंभ बहुधा याच तक्रारीने होतो. रुग्ण खोलीत येई, त्याच्याबरोबरचे माणूस पिशवी सावरत मागे उभे राही, आणि बाई नाव, गाव, आजार यांपैकी काहीही न विचारता म्हणत, "डबा आणलाय का? उघडा."

मग त्या खात. एक घास घेऊन चौकशी सुरू होई: भाजी कोणी केली, नारळ घरचा की विकतचा, एवढे तिखट कोणाला चालते. वसईच्या बाजूला एका धर्मादाय रुग्णालयात कर्करोगाचा विभाग आहे. तेथे शरीराचे डॉक्टर पुष्कळ होते. मनाच्या डॉक्टर त्या एकट्या. ज्यांच्या अंगात औषधामुळे प्रतिकारशक्ती उरलेली नाही अशा रुग्णांच्या डब्यात हात घालणे योग्य नव्हे, अशी समज व्यवस्थापनाने त्यांना दिली. ती समज रास्त होती. दुसऱ्या दिवसापासून त्या घरून स्वतःची ताटली आणि चमचा घेऊन येऊ लागल्या, आणि पूर्वीपेक्षा जास्त वाढून घेऊ लागल्या.

डब्यावरून माणूस कळतो, असे त्यांचे म्हणणे होते. आपल्या पुढ्यातले कोणी उचलले तर जित्या मनाचा माणूस काही तरी करतो. आग्रह करतो, लाजतो, रागावतो, निदान "ती कालची आहे हो" एवढे तरी सांगतो. काहीच न करणाऱ्या माणसाकडे त्या ताटली बाजूला ठेवून नीट पाहू लागत. हे सर्व खरे आहे. पुष्कळदा त्यांना केवळ भूक लागलेली असे, हेही खरे आहे.

बाई वसईच्या पश्चिमेकडील एका ख्रिस्ती गावच्या. ठेंगण्या, सावळ्या, आवाज घोगरा. कडक इस्त्रीची सुती साडी आणि पायात कॅनव्हासचे पुरुषी बूट, असा त्यांचा बारमाही वेश. त्यांच्या खोलीत टेबल नव्हते. हातांची एक मोठी खुर्ची होती, तीवर रुग्णाने बसायचे. स्वतः बाई लहानशा तिपाईवर बसत, त्यामुळे त्यांना रुग्णाकडे मान वर करून पाहावे लागे. खाली पाहणाऱ्या माणसाचे तोंड दिसायचे तर आपण त्याच्याहून खाली बसले पाहिजे, एवढेच त्याचे कारण त्यांनी मला सांगितले.

'धीर' हा शब्द त्या खोलीत वर्ज्य होता. एखाद्या नातेवाइकाने सवयीने "धीर धरा" म्हटले की त्या ताडकन म्हणत, "तुम्ही बाहेर जा. बाहेर उभे राहून तुम्ही धरा."

एकदा मी त्यांच्या खोलीबाहेरच्या बाकावर बसलो होतो. आत अर्नाळ्याची एक कोळीण होती. तिचे एक स्तन काढून टाकले होते. दोन्ही सुना तिला घेऊन आल्या होत्या. दार लावलेले होते; पण ज्या बाईने आयुष्यभर किनाऱ्यावरच्या लिलावात बोली लावली तिच्या आवाजाला दाराचे काय? बाहेरच्या आम्हा सर्वांना सगळे ऐकू आले.

"आई दिवसभर रडतात, डॉक्टर," थोरली सून सांगत होती. "जेवताना रडतात, देवासमोर रडतात. शेजारीपाजारी विचारतात. मनाचं औषध द्या काही तरी."

"रडून झाल्यावर काय करता?" बाईंनी कोळिणीला विचारले.

"काय करनार? डोले पुसते नि लिलावाला जाते."

"या अवस्थेत?"

"मग? मी नसले तं त्या भवान्या पापलेटचा भाव पारतील. मना घरान बसून चालंल काय?"

"हसता का कधी?"

मग कोळीण म्हणाली, "नातू माजी नक्कल करतो. पदर असा घेतो नि असा ठुमकत चालतो मेला. तवा हसते."

"यांना काही झालेलं नाही," बाई सुनांना म्हणाल्या. "म्हणजे छाती कापली आहे. त्याचं रडतायत. रडू द्या."

"पण डॉक्टर, एवढं?"

"तुमची कापली असती तर तुम्ही काय केलं असतं? गाणी म्हटली असती?"

गोळ्या न देताच त्यांनी त्या तिघींना परत पाठवले. पाठवताना मात्र सुनांना एक गोष्ट बजावली. माझा स्वतःचा आजार समजताना ती मला पुढे फार उपयोगी पडली. "रडणं चालू आहे तोवर मला काळजी नाही. ज्या दिवशी रडणं थांबेल आणि लिलावाला जाणंही थांबेल, त्याच दिवशी घेऊन या. दुसऱ्या दिवशी नको."

बाहेर आल्यावर कोळिणीने बाकावरच्या आम्हा सर्वांवर नजर फिरवली. मी कोपऱ्यात सरळ बसलो होतो. माझ्याकडे बोट करून ती थोरल्या सुनेला म्हणाली, "मना कशाला आनलं गं? ह्या काकांना ने आत. बघ कसे बसलेत. फोटोतले वाटतात."

आपल्या रुग्णांना बाहेर कोठेही ओळख दाखवायची नाही, हा बाईंचा आणखी एक नियम. मनाच्या डॉक्टरशी ओळख असल्याचे चार लोकांत उघड झाले तर लोक काय बोलतील, याची रुग्णाला धास्ती असते. म्हणून रुग्णाने आपण होऊन हाक मारली तरच त्या बोलत. त्यामुळे बाजारात त्या अत्यंत उद्धट वाटत. वर्षभर ज्याच्याशी दर आठवड्याला बोलल्या त्याच्या अंगावरून त्या भेंडी निवडत निघून जात.

हाक मारण्याची ही सूट भरपूर घेतली ती त्या कोळिणीने. आगाशीच्या बाजारात ती मासळीची पाटी घेऊन बसते. बाई नेहमीप्रमाणे न पाहता पुढे निघाल्या, तेव्हा तिने भर बाजारात हाळी दिली.

"ओ डॉक्टरीन! वलख इसारल्या काय? तुमीच तं मना तपासून बोल्ला, मी येडी नाय!" आणि मग शेजारणींकडे वळून, "मना डॉक्टरनीनं सांगितलंय. तुमच्यातल्या कुनाला सांगितलंय काय? नाय ना? मग गप बसा."

बाईंनी तिच्याकडून बोंबील घेतले. भाव केला नाही. माझ्या माहितीत ही एकच वेळ.

त्या गेल्या त्याला आता काही काळ लोटला. झोपेतच गेल्या. त्यांच्या गावच्या चर्चमध्ये मिस्सा झाली, मग दफन. माणसे पुष्कळ होती, गावची आणि गावाबाहेरची. त्या गर्दीत एक चमत्कारिक गोष्ट मी पाहिली. आम्हांपैकी अनेकांनी एकमेकांना त्या बाकावर कित्येकदा पाहिले होते. पण कोणी कोणाला ओळख दाखवत नव्हते. दुसऱ्याला ते चालेल की नाही, हे ठाऊक नव्हते. सगळे शिस्तीत, अनोळखी होऊन उभे होतो. मला ते योग्य वाटले.

माझा स्वतःचा संबंध आला तो असा.

मी मूळचा आगाशीचा. वजनमापे निरीक्षक म्हणून नोकरी केली आणि निवृत्त झालो. बोलणे कमी आणि चुकीला क्षमा नाही, असा माझा लौकिक होता. तो खोटा नव्हता. पत्नी पूर्वीच वारली. घरात मुलगा आणि सून. मागे वाडी: केळी, नारळ, थोडा सोनचाफा. सून साताऱ्याकडची, विरारला एका बँकेत काम करते. मला मोठ्या आतड्याचा कर्करोग निघाला, शस्त्रक्रिया झाली, आणि नंतर ठराविक आठवड्यांनी सलाईनमधून औषध घ्यायचे ठरले. त्यासाठी दिवसभर एका खुर्चीत बसावे लागते. त्या खोलीत अशा खुर्च्यांची रांग आहे.

मी उत्तम रुग्ण होतो. वेळेवर येई, सांगितले ते करी, काही मागत नसे. सिस्टर इतरांना माझा दाखला देत. नातेवाईक भेटायला येत आणि ओट्यावर जाऊन मुलाला म्हणत, "काय धीराचा माणूस! एक अक्षर नाही बोलला." घरीही मी निवळलो होतो. आमटी आळणी झाली तरी जेवत असे. वर्तमानपत्र चुरगळलेले मिळाले तरी चालत असे. सून माहेरी फोनवर सांगे, "बाबा आजकाल एकदम कूल झालेत गं. आजाराने माणूस मऊ होतो म्हणतात ना, तसं."

मला दुःख होत नव्हते. हे स्पष्ट केले पाहिजे, कारण या आजारात माणूस दुःखी असतो अशी लोकांची समजूत असते. मला काहीच होत नव्हते. पहाटे जाग येई, आणि समोरचा दिवस परक्याच्या घरच्या कार्यासारखा वाटे. आमंत्रण आहे, पण जाण्याचे कारण नाही. अन्न कागदासारखे लागे. झोप तुटे. अंगात बळ नसे. या सर्वांचे कारण कर्करोग आणि त्यावरचे औषध, असे डॉक्टरांनी धरले, घरच्यांनी धरले, मीही धरले. आणखी एक गोष्ट मी मनाशी पक्की केली होती. पुढच्या खेपेपासून सलाईनला जायचे नाही. कोणाला सांगितले नव्हते. वेळ आली की शांतपणे नाही म्हणायचे, इतकेच. घरच्यांची धावपळ वाचेल. हा निर्णय मला विचारी माणसाला शोभणारा वाटत होता.

त्या दिवशी मी खुर्चीत होतो, सून शेजारी स्टुलावर. बाई दारातून आत आल्या आणि मोठ्याने म्हणाल्या, "ओ सिस्टर, आज सगळ्यांत शहाणा पेशंट कोण?"

रडणाऱ्याला लोक आपणच त्यांच्याकडे पाठवत. गप्प बसणाऱ्याला कोणी पाठवत नसे. म्हणून त्या रोज असे विचारून शोध घेत, हे मला नंतर कळले. सिस्टरने कौतुकाने माझ्याकडे बोट केले.

बाई जवळ आल्या, थोडा वेळ पाहत राहिल्या. "तुम्ही वजनमापेवाले ना? माझ्या भावाचा फुलांचा काटा तुम्ही जप्त केला होतात. अजून शिव्या देतो तुम्हाला."

तो काटा खोटा होता. मला तो चांगला आठवत होता. पूर्वी मी त्यांना तेथेच नियम ऐकवला असता.

"माफ करा," मी म्हणालो.

बाईंनी डोळे बारीक केले. मग सुनेकडे वळल्या. "डबा आणलाय का? उघडा."

डब्यात पोळीभाजी होती, आणि वरच्या खणात सुकेळी. आमच्याकडे राजेळी जातीचे केळे पिकवून, सोलून, बांबूच्या मांडवावर उन्हात वाळवतात. रोज उलटायचे, संध्याकाळी आत घ्यायचे, दव लागू द्यायचे नाही. कित्येक दिवसांनी ते मधाच्या रंगावर येते. मग केळीच्याच सुक्या पानात आवळून बांधतात. फार कष्टाचे काम. वाडीवाडीतून ते आता बंद पडत आले आहे. आमच्या घरी ते मी करीत असे, आणि मांडवाला दुसऱ्या कोणाचा हात लागू देत नसे. त्या वर्षी मी आजारी, म्हणून सुनेने रजा काढून, कोणाकोणाला विचारून, माझ्यासाठी सुकेळी केली होती.

बाईंनी एक तुकडा तोंडात टाकला. दोनदा चावला. "हे काय आहे?"

"सुकेळी," सून म्हणाली. "मी केली. पहिल्यांदाच."

"कुठल्या केळ्याची?"

"घरच्याच. वाडीतली. ती... ठेंगणी झाडं असतात ना, त्यांची."

"बसराईची," बाई म्हणाल्या. बसराईचे केळे वाळवले तर वाळते. सुकेळी होत नाही. काळे पडते आणि दाताला चिकटते. वसईत हे लहान मुलालाही ठाऊक असते. बाई माझ्याकडे वळल्या. "निरीक्षक, तुम्ही खाल्लीत?"

"हो."

"कशी आहेत?"

"चांगली आहेत."

"परत सांगा."

"चांगली आहेत. तिने मेहनतीने केली."

बाईंनी ताटली खाली ठेवली. सून उत्साहाने सांगू लागली, "नाही, बाबा खरंच काही बोलले नाहीत. दोन खाल्लीसुद्धा."

"आणि आधी काय बोलले असते?"

सून हसली. "आधी? आधी माझ्या साताऱ्यापर्यंत पोचले असते! माझ्या आईने काय शिकवलं, आजीने काय शिकवलं, सगळं निघालं असतं. मागच्या वर्षी मी नुसता मांडवाला टॉवेल वाळत घातला होता, तर दोन दिवस..."

बोलता बोलता ती थांबली. बाई तिच्याकडे नुसत्या पाहत होत्या. सुनेच्या चेहऱ्यावरचे हसू हळूहळू गेले.

"सलाईन संपलं की माझ्या खोलीत आणा," बाई म्हणाल्या.

त्या मोठ्या खुर्चीत मी बसलो, त्या तिपाईवर. सुनेला त्यांनी बाहेर बसवले.

"बळ गेलं, भूक गेली, झोप गेली," त्या म्हणाल्या. "ही तिन्ही मला उपयोगाची नाहीत. कॅन्सरही तीच नेतो, त्याचं औषधही तीच नेतं. केळी सोलायला हात उचलत नाही, हे मी कॅन्सरचं धरते. पण बसराईची सुकेळी पाहून तुम्हाला रागसुद्धा येत नाही. रागाला बळ लागत नाही, निरीक्षक. हौस लागते. ती कधी गेली?"

मी विचार केला. "आठवत नाही."

"घरच्यांना आपला भार होतो असं वाटतं?"

"तो होतोच."

"मरावंसं वाटतं?"

हा प्रश्न त्यांनी मीठ हवे का विचारावे तशा स्वरात विचारला. तोवर मला तो कोणी विचारला नव्हता. विचारला तर माझ्या मनात ती कल्पना शिरेल, अशी बहुधा सर्वांना भीती असावी. प्रत्यक्षात मला बरे वाटले, एवढे नमूद करतो.

"स्वतःला काही करून घेण्याचा विचार नाही," मी म्हणालो. "पुढच्या सलाईनला जायचे नाही, एवढेच ठरवले आहे."

"हं," बाई म्हणाल्या. "म्हणजे तेच. पण शिस्तीत."



नंतर त्यांनी माझी चालू असलेली सर्व औषधे पाहिली, कोठे दुखते ते विचारले, आणि थायरॉइड, हिमोग्लोबिन, कॅल्शियम यांच्यासाठी रक्त काढायला लावले. "यांतलं काही बिघडलं तरी माणूस असाच बसतो. आधी रक्ताची झडती, मग मनाची." रक्तात विशेष काही निघाले नाही. तेव्हा त्यांनी स्पष्ट शब्दांत सांगितले की हा नैराश्याचा आजार आहे. कर्करोग झालेल्या पुष्कळांना तो होतो. 'कॅन्सर आहे म्हणजे माणूस उदास असणारच' असे म्हणून लोक तो सोडून देतात. आणि त्याला औषध आहे.

"रात्री एक गोळी. दोन-तीन आठवडे काही होणार नाही. तोंड कोरडं पडेल, झोप येईल, तुम्ही म्हणाल बाई फसवते. म्हणा, पण गोळी घ्या. आपल्या मनाने बंद करायची नाही. दर आठवड्याला येऊन माझ्याशी बोलायचं. आणि सलाईनचं म्हणाल तर, मन आजारी असताना मोठा निर्णय घ्यायचा नाही. तोवर सलाईन चालू ठेवा. मन ताळ्यावर आलं की परत विचारीन. तेव्हाही नाही म्हणालात, तर तुमच्या मुलाला मी स्वतः समजावीन. कबूल?"

मी कबूल म्हणालो. नाही म्हणण्याचीही हौस नव्हती.

बाई बाहेर गेल्या तेव्हा दार अर्धवट उघडे राहिले. बाहेर सून बाईंना काय म्हणाली ते मी ऐकले. "म्हणजे डॉक्टर, ते इतके महिने चांगले वागत होते ते... मला वाटलं, त्यांना मी आवडायला लागले."

"आवडता की नाही ते बरे झाल्यावर कळेल," बाई म्हणाल्या. "तोपर्यंत वाईट बोलले तर पेढे वाटा."

गोळीखेरीज त्यांनी मला दोन कामे लावून दिली. एक, रोज सकाळी वाडीत मांडवापाशी जाऊन बसायचे. इच्छा असो वा नसो. "हौस आल्यावर बसेन म्हणाल तर कधीच बसणार नाही. आधी बसा. हौस मागाहून चालत येते, तिला घर माहीत असतं." दुसरे काम अवघड होते. रोज सुनेची एक चूक दाखवायची.

पहिल्या दिवशी जेवताना मी म्हणालो, "भाजीत मीठ कमी आहे."

सून गडबडली. "खरंच?"

"माहीत नाही. डॉक्टरांनी सांगितले म्हणून बोललो."

ती आत निघून गेली. हसायला गेली की दुसऱ्या कशाला, ते मी पाहिले नाही.

पहिले काही आठवडे बाईंनी सांगितले तसेच गेले. तोंड कोरडे पडले. झोप मात्र लागू लागली. दर आठवड्याला मी त्या खुर्चीत बसे आणि म्हणे, "काही फरक नाही." त्या म्हणत, "लिहून घेते," आणि लिहीत नसत. त्या माझ्याशी काय बोलत? उपदेश कधी केला नाही. मी म्हणालो की माझा घराला काही उपयोग उरलेला नाही; तेव्हा त्यांनी विचारले, "वाडीतली म्हातारी झाडं तोडता का?" मी म्हणालो, नारळ देत नसले तर तोडतो. "चुकीचं झाड विचारलं," त्या म्हणाल्या, आणि पुन्हा माझ्या डब्याकडे वळल्या. अशी फसलेली वाक्ये त्यांच्याजवळ पुष्कळ होती. फसले की त्या ते सोडून देत. शहाणपणाचा आव त्यांनी कधी आणला नाही, म्हणून मी जात राहिलो.

एकदा मी विचारले, "तुम्ही हेच काम का निवडलेत?"

"इथले लोक डबा चांगला आणतात," त्या म्हणाल्या.

एके सकाळी मी मांडवापाशी बसलो होतो. सुनेने हट्टाने पुन्हा केळी घातली होती. या खेपेस राजेळीच होती. शेजाऱ्यांना विचारून खात्री केली होती. परंतु बांबूच्या ताट्यांवर चिकटतात म्हणून तिने खाली निळे प्लास्टिक अंथरले होते. प्लास्टिकवर केळ्याला खालून वारा लागत नाही. घाम येतो. बुरशी धरते. हे मी पाहत होतो. कितीतरी दिवस असे कितीतरी पाहत होतो. त्या सकाळी मात्र ते पाहवले नाही.

मी काय बोललो ते येथे लिहिण्याचे कारण नाही. साताऱ्यापर्यंत मी पोचलो, एवढे सांगितले म्हणजे पुरे. आवाज ऐकून मुलगा दाढीचा साबण तोंडाला तसाच ठेवून धावत आला. कुंपणापलीकडचे शेजारी विहिरीवरून आले. सून मांडवापाशी उभी होती, आणि एका हाताने फोन लावत होती.

"डॉक्टर, बाबा ओरडले!"

पलीकडचा घोगरा आवाज मलाही ऐकू आला. "केव्हा?"

"आत्ता! अजून ओरडतायत!"

"कशावरून?"

"प्लास्टिकवरून!"

"बरोबर आहे त्यांचं," बाई म्हणाल्या. "प्लास्टिक काढा."

सुनेने संध्याकाळी खरेच पेढे आणले. मला तो प्रकार अनाठायी वाटला. पेढे आगाशीच्या बाजारातले होते. एक मी खाल्ला. त्यात वेलची जास्त होती, आणि ती मला लागली, ही गोष्ट मात्र मी काही वेळ ध्यानात धरून बसलो.

सर्वच दिवस यानंतर चांगले गेले असे नव्हे. सलाईननंतरचा आठवडा वाईटच जाई. बोटांना मुंग्या येत, थंड पाण्याला हात लावता येत नसे. त्यासाठी कर्करोगाच्या डॉक्टरांनी औषधाचे प्रमाण थोडे कमी केले. परंतु वाईट आठवडा वाईट वाटू लागला होता, आणि तो संपला की संपल्यासारखा वाटत होता. माझे सगळे बरे होणे या एका वाक्यात मावते.

पुढे एका सकाळी बाई तिपाईवर बसल्या आणि म्हणाल्या, "आज विचारते. राहिलेल्या सलाईनचं काय? नाही म्हणायचं तर आज म्हणा. मी शब्द दिला आहे."

त्या दिवशी त्यांनी डबा मागितला नव्हता. ताटली पिशवीतच होती. मी वेळ घेतला. औषधाने काय होते ते मला ठाऊक होते. त्याने आजार परत येणार नाहीच, अशी हमी कोणी दिलेली नव्हती. शक्यता कमी होते, इतकेच सांगितले होते. त्या सगळ्याचे मी मनात माप घेतले. पूर्वी ठरवताना मी माप घेतले नव्हते. पारडे रिकामे पाहून निकाल दिला होता.

"घेतो," मी म्हणालो.

"मुलासाठी?"

"नाही."

"सुनेसाठी?"

"मला घ्यायची आहेत."

बाईंनी अभिनंदन केले नाही. त्या उठल्या, गुडघ्यावर हात ठेवून सरळ झाल्या. "आज नाही म्हणाला असतात, तरी मी मानलं असतं. आजचं नाही तुमचं असतं. त्या दिवशीचं तुमचं नव्हतं." मग दाराकडे हात केला. "आता इथे का बसलात? तिकडे खुर्ची अडून राहिली आहे."

मी सलाईनच्या खोलीत गेलो. खिडकीजवळची खुर्ची रिकामी होती, ती मागून घेतली. सिस्टर सुई घेऊन आली आणि नेहमीप्रमाणे म्हणाली, "आजोबा, कुठला हात देताय?"

"डावा," मी म्हणालो. "उजव्याला संध्याकाळी वाडीत काम आहे."